‘टेन्शन आसा’ म्हणून?

जत्रेच्या नाटकाची तालीम चालू होती. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप, रात्रीचे साडेदहा, पेटीवाल्याने सूर धरलेला, आणि नायकच गायब! दिग्दर्शकाने एक हाक मारली, दुसरी मारली. शेवटी मी उठून बाहेर गेलो, तर नायक दीपस्तंभाच्या आडोशाला उभा. हातात सिगरेट.

“अरे, तुझो प्रवेश आसा मरे!”

“आसा, आसा. मातशें टेन्शन आसा, म्हणून...”

तो आत आला, जागेवर उभा राहिला, आणि लांबलचक संवादाच्या ऐन मध्यावर त्याचा श्वास तुटला. खोकल्याची उबळ आली. सगळे थांबले. कोणी पाणी दिले, कोणी पाठ चोळली. पाच मिनिटांनी नायक पुन्हा बाहेर! आता कशाला? तर संवाद अडखळल्याचे टेन्शन आले म्हणून!

बाकीचे हसले. मला हसू आले नाही. कारण त्याच दीपस्तंभाच्या आड मी सोळा वर्षे उभा राहिलो आहे. माझ्याबरोबर तिथे आणखी एक जण उभा असायचा. एकाच काडीवर आम्ही दोघे पेटवायचो. त्याचा पल्लेदार आवाज ऐकायला पेडण्याहून माणसे यायची. घशाच्या कर्करोगात त्याचे स्वरयंत्र काढावे लागले. चहात साखर कमी आहे हे तो आता वहीवर लिहून सांगतो. मी सुटलो आणि तो सापडला, यात माझे कर्तृत्व काडीचेही नाही. म्हणून आज जे लिहितो आहे ते सज्जनाने दुर्जनाला केलेला उपदेश समजू नये. एका जुन्या गिऱ्हाइकाने दुकानदाराची लबाडी चव्हाट्यावर मांडली आहे, एवढेच समजावे.

आधी एक मान्य करू. टेन्शन खोटे नाही. आमच्या डिचोलीतल्या माणसाला तर ते शिकवायलाच नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मधल्या काळात थोड्या चालू झाल्या, तोवर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून सगळे ठप्प! दारासमोर उभे राहिलेले ट्रक, चाकांखाली उगवलेले गवत, बँकेच्या नोटिसा, बार्जीवरून घरी परतलेली माणसे. हे सगळे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२ च्या अखेरीस लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमध्ये पुन्हा यंत्रे हलली. पण मधल्या वर्षांनी ज्यांचे कंबरडे मोडले ते मोडलेच. आणि खाण चालू असली की त्या गावाला धूळ, आटलेल्या विहिरी आणि गाळाने भरलेली शेते यांचे वेगळे टेन्शन होतेच की!

पेडण्याची गोष्ट निराळी, पण डोक्याला ताप तितकाच. मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्याचे जाहीर झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. कोणाची जमीन गेली, कोणाची विकली गेली, कोणाच्या काजूच्या बागेशेजारी काँक्रीट उभे राहिले. मोरजी, मांद्रे, हरमलच्या पोराला टॅक्सीचे भाडे मिळेल की नाही याची रोजची धाकधूक. हंगामात श्वास घ्यायला सवड नाही आणि पावसाळ्यात हाताला काम नाही. या माणसाला ‘ताण घेऊ नका, आनंदी राहा’ असे सांगणारा मनुष्य मला विडी ओढणाऱ्यापेक्षाही जास्त वेडा वाटतो.

तेव्हा भांडण ताणाशी नाही. भांडण आहे ते ‘टेन्शन आसा, म्हणून’ यातल्या ‘म्हणून’शी!

हा ‘म्हणून’ कुठून आला ते पाहू. सिगरेटचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचते. मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन सुटते, बरे वाटते. इथपर्यंत ओढणारा खरेच बोलतो, त्याला बरे वाटते हे खोटे नाही. पण त्याच वेळी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे मन ‘शांत झालो’ म्हणते तेव्हा शरीर पळत असते! रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. ते उतरू लागले की मग सुरू होते ती चिडचिड, ते अस्वस्थपण, लक्ष न लागणे, हाताला काहीतरी हवे-हवेसे वाटणे. या अवस्थेला ओढणारा काय नाव देतो? ‘टेन्शन’! मग दुसरी पेटवतो आणि चिडचिड थांबते. मग म्हणतो, ‘बघ, टेन्शन गेलें!’

अरे बाबा, गेले ते कोणते टेन्शन? बँकेचा हप्ता तिथेच आहे. पोरीच्या लग्नाची काळजी तिथेच आहे. गेले ते फक्त मागच्या सिगरेटने आणलेले टेन्शन.

आमच्याकडे पूर्वी सावकार असत. आधी कर्ज द्यायचे, मग व्याज फेडायला पुन्हा कर्ज द्यायचे, आणि वर गावभर सांगायचे, ‘अडीअडचणीला मीच तर धावतो!’ सिगरेट हा त्या जातीचा सावकार आहे. तिच्या वहीत मुद्दल कधी फिटत नाही. आणि कर्जदार मात्र तिचे उपकार मानत खोकतो.

हे माझे पदरचे तत्त्वज्ञान नाही. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. ज्यांनी धूम्रपान सोडले आणि ज्यांनी चालू ठेवले त्यांची तुलना केली. सोडणाऱ्यांमध्ये चिंता, उदासी आणि ताण हे तिन्ही कमी झालेले दिसले. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही तसेच दिसले. म्हणजे जी काठी म्हणून आपण धरून बसलो आहोत तीच पायात अडकते आहे. हात सोडला तर चाल सुधारते!

शरीराचे नुकसान मी थोडक्यात सांगतो, कारण ते पाकिटावर चित्रासह छापलेले असूनही आपण पाकीट उलटे ठेवतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाला कारण होतात. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष निघाला की जन्मभर ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी होते. ‘मी दिवसाला एकच ओढतो’ म्हणणाऱ्या मित्रांसाठीही एक निरोप आहे. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात असे आढळले की हृदयविकाराचा जो जादा धोका वीस सिगरेटींनी येतो, त्यातला जवळजवळ निम्मा एकाच सिगरेटीने येतो. एकीवर इथे सवलत नाही! आणि ज्याच्या फुप्फुसात खाणीची नाहीतर रस्त्याची धूळ आधीच उतरली आहे, त्याने त्यावर धूर सोडणे म्हणजे अतिभार भरलेल्या ट्रकवर आणखी चार पाट्या टाकणे होय.

आता एक प्रश्न मी पुरुषमंडळींना विचारणार आहे. रागावू नका.

घरातले दोन ट्रक उभे राहिले, हप्ते थकले. ते टेन्शन काय फक्त पुरुषालाच आले? ज्या बाईच्या बांगड्या बँकेत गेल्या तिला आले नाही? दुकानदाराकडे उधारीची वही घेऊन कोण गेली? पोराच्या फीसाठी माहेरी कोणी तोंड उघडले? मग ती का नाही गाड्यावर उभी राहून सिगरेट ओढत? ताणाने विडी ओढावी लागते हे खरे असते तर पेडण्या-डिचोलीतल्या प्रत्येक चुलीमागून दुप्पट धूर निघाला असता! काही जुन्या बायका मशेरी लावत, तपकीर ओढत, हे मला ठाऊक आहे, आणि ते चांगले होते असेही मी म्हणत नाही. पण सिगरेट हा ताणाचा अपरिहार्य परिणाम नव्हे, आपण पुरुषांनी स्वतःला दिलेली ती मुभा आहे, एवढे यातून स्वच्छ दिसते. त्या मुभेची किंमतही पुन्हा तिच्याच डब्यातून जाते. दिवसाला शंभर रुपये धरा. वर्षाचे छत्तीस हजार पाचशे झाले. एखाद्या घराचे थकलेले हप्ते यात बसतील! टेन्शन पैशांचे, आणि त्यावर उतारा पैसे जाळण्याचा. आणि धूर? तो ती आणि पोरे फुकट ओढतात.

आपण संस्कृतीच्या गप्पा फार मारतो, म्हणून थोडा इतिहासही सांगतो. तंबाखू आपली नव्हे. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून ती या किनाऱ्याला लागली. पुढे ब्राझीलच्या बाहियातली तंबाखू गोव्यात येत असे आणि तिच्या विक्रीचा मक्ता सरकार देत असे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या तलफेवर लिस्बनच्या राजाची तिजोरी भरत होती! मिरची, बटाटा, काजू, पाव हेही त्यांच्याच काळात आले, ते आपण पचवले आणि आपले केले. तंबाखूने मात्र आपल्याला पचवले. १९६१ मध्ये राज्यकर्ते गेले, आपण मुक्तिदिन साजरा करतो. पण ही वसाहत अजून आपल्या छातीत आहे आणि तिच्याविरुद्ध सत्याग्रह करायला कोणी पुढे येत नाही.

कायद्यात आपण मागे नव्हतो, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणे यांवर बंदी घालणारा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला. देशभराचा कायदा त्यानंतर २००३ मध्ये आला आणि सार्वजनिक ठिकाणांचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून. गुटख्यावर आपण २००५ मध्ये बंदी घातली. यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या माणसांची अनेक वर्षांची पायपीट होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण गोव्यात ९.७ टक्के निघाले. देशात सर्वांत कमी! देशाची सरासरी होती २८.६. छाती फुगवण्याआधी मात्र मागचा आकडा बघा. २००९-१० च्या पाहणीत आपण ८.८ वर होतो. देश ३४.६ वरून खाली आला आणि आपण, थोडे का होईना, वर सरकलो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकू नये हा नियम आहे, अठरा वर्षांखालच्याला विकू नये हाही नियम आहे. सुटी सिगरेट देणाऱ्या गाड्यावर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहा आणि गिऱ्हाइकांच्या मिशा मोजा! ई-सिगरेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, तरी किनाऱ्यावरच्या पोरांना तिचे फळांचे वास पाठ आहेत.

पण कायद्याला किती दोष द्यायचा? आपल्या मंडळींचे काय? होय, तुमचे-आमचे, लिहिणाऱ्या-गाणाऱ्या, नाटक करणाऱ्या मंडळींचे! सिगरेटला प्रतिष्ठा कोणी दिली? विचारवंत दाखवायचा झाला की त्याच्या बोटांत सिगरेट द्यायची. प्रेमभंग झाला, पेटवली. क्रांती करायची आहे, पेटवली. १९६१ च्या ‘हम दोनों’मधला देव आनंद लायटर घेऊन गात निघाला आणि काळजीवर धूर हाच उतारा असे दोन पिढ्यांनी धरून ठेवले. संमेलनात मांडवातल्या चर्चेपेक्षा मांडवामागची धुरातली चर्चा खरी, असे आपण नवोदितांना ऐकवतो. मीही ऐकवले आहे. सिगरेटशिवाय पहिली ओळ सुचत नाही अशी माझी श्रद्धा होती. सोडल्यावर कळले की सुचत नव्हते ते सुचतच नव्हते, सिगरेटवर उगाच आळ होता!

“सुटत नाही रे,” असे म्हणणाऱ्यांना मी शिरगावला नेऊ इच्छितो. श्री लईराईची जत्रा. वैशाखातल्या पंचमीची ती रात्र. डिचोली, पेडणे, बारदेश, अगदी सिंधुदुर्गातूनही हजारो धोंड येतात, हातात वेताची काठी घेऊन पहाटे होमकुंडातून चालत जातात. त्याआधीचे दिवस कडक व्रताचे. आमच्या वाड्यावरचा एक धोंड एरवी उशाला विडीचे बंडल घेऊन झोपणारा. व्रताचे पाच दिवस तो विडीला शिवत नाही. हात थरथरत नाही, कोणावर खेकसत नाही. मी एकदा विचारले, “तुका जाता तरी कशें?” तो म्हणाला, “देवीचें काम मरे तें.” आणि सहाव्या दिवशी बंडल उघडले!

आता गंमत ऐका. निकोटीन सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. पुढे दोन ते चार आठवड्यांत तो बराचसा उतरतो. म्हणजे आमच्या धोंडाने दरवर्षी सर्वांत कठीण घाट चढून पार केलेला असतो आणि उताराला लागताच तो मागे फिरतो! होमकुंडातून चालणाऱ्याला काडीपेटीतल्या विस्तवाने हरवावे, हे काही देवीलाही आवडत नसेल. त्याला जमते याचे कारणही त्याच्या उत्तरात आहे. तो एकटा नसतो. सोबत व्रत करणारे असतात, घरातल्यांना ठाऊक असते, दिवस ठरलेला असतो, आणि समोर काहीतरी मोठे असते. व्यसन सोडवणारे डॉक्टर तरी वेगळे काय सांगतात? तारीख ठरवा, घरात सांगा, सोबती धरा, घरातली पाकिटे आणि लायटर टाकून द्या. तलफ आली की ती सहसा तीन-पाच मिनिटांची असते, तेवढा वेळ उठून फिरा, पाणी प्या, तोंडात बडीशेप टाका. आणि ज्याला एवढ्याने जमत नाही त्याने लाजू नये. निकोटीनचे च्युइंगम, पट्ट्या, औषधे आहेत. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट दूरध्वनी सेवा आहे. मला तिसऱ्या खेपेला सुटली. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या असे मी मानत नाही. त्या तालमी होत्या.

राहिले ते खरे टेन्शन. सिगरेट टाकली म्हणून बँक हप्ता माफ करणार नाही. त्याचे काय करायचे?

पहिले म्हणजे कोंडून ठेवायचे नाही. आपल्या पुरुषांना तोंड उघडायची लाज वाटते आणि म्हणून तोंडात काहीतरी कोंबावे लागते. बायका पौषात मांडावर धालो खेळतात, चवथीला फुगडीला उभ्या राहतात. त्या गाण्यांतून सासू, नवरा, दारिद्र्य यांचा सगळा हिशेब गावासमोर चुकता करतात, घामाघूम होतात, हसतात, घरी येऊन झोपतात. आम्ही त्याला लोककला म्हणून त्यावर प्रबंध लिहितो. ते औषध आहे हे आमच्या डोक्यात येत नाही! आमच्याकडेही भजन आहे, घुमट आरती आहे, शिगम्याचा मांड आहे. अभंगाची लांब ओळ एका दमात म्हणायची तर श्वास खोल घ्यावा आणि सावकाश सोडावा लागतो. हृदयाचे ठोके खाली आणायला डॉक्टर जो संथ श्वास शिकवतात तो याहून फार वेगळा नाही. झुरका घेताना आपण तेच करतो, आत ओढतो, थांबतो, सोडतो. त्यातला श्वास ठेवा, धूर वगळा! मयेच्या तळ्याकाठी अर्धा तास चालणे, वेळेवर झोपणे, टाळावर हात चालवणे यांचा गुण कोणत्याही पाकिटापेक्षा जास्त आहे.

दुसरे, टेन्शनचे तुकडे करायचे. ‘सगळेच बुडाले’ हे टेन्शन कोणालाच पेलत नाही. कर्जाचे कागद घेऊन बँकेत जाणे, घरात बसून खर्च मांडणे, एका गाडीचा निकाल लावणे ही कामे पेलतात. झुरक्याने ती एक-एक दिवस पुढे ढकलली जातात, तेवढेच.

तिसरे, झोप उडाली, जेवण जाईना, मरणाचे विचार येऊ लागले तर ते नुसते टेन्शन राहिले नाही. तिथे भजनाने भागणार नाही, माणूस गाठावा. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. आणि जगाने दखल घ्यावी असे काम याच आपल्या गोव्यात झाले आहे. ‘संगाथ’ या संस्थेने इथल्या दहा आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा-आठ भेटींत त्यांनी काय केले? बसून बोलले, ऐकून घेतले, आणि रुग्णाला हळूहळू पुन्हा कामाला, माणसांत जायला लावले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. बोलणे आणि हातपाय हलवणे यांत काय ताकद आहे हे याहून स्वच्छ कोणी सांगायचे?

तर मंडळींनो, माझे मागणे फार नाही. जत्रेच्या नाटकाची तालीम असो, भजनी मंडळाची बैठक असो की साहित्याची मैफल, ‘टेन्शन आसा’ म्हणून कोणी उठला तर त्याला काडीपेटी देऊ नका. त्याच्याबरोबर बाहेर जा आणि विचारा, “कसलें टेन्शन रे?” पाच मिनिटे ऐका. तलफही तेवढीच असते.

त्या रात्री मी तेच केले. नायक आधी रागावला. मग बोलू लागला. संवादाचे टेन्शन नव्हतेच. बापाची तपासणी होती, अहवाल यायचा होता. बापही जन्मभर ओढणाराच. बोलता बोलता त्याच्या हातातली सिगरेट न पेटवताच राहून गेली.

तालीम त्या दिवशी अर्धा तास उशिरा संपली. कोणाचे काही बिघडले नाही.